बाहुल्या कोणी पाहिल्या

फिजिशियन असिस्टंटच्या, म्हणजे डॉक्टरांच्या प्रशिक्षित मदतनिसाच्या, कोर्सला दवाखान्यातला आणि संशोधनाचा अनुभव लागतो, म्हणून मी आणि समीक्षा घाटंजीच्या एकाच खाजगी दवाखान्यात काम करत होतो. ती माझ्यानंतर आली. बीपी मोजण्यापासून सगळं मीच तिला शिकवलं. पण २०१७ साली कपाशीवर फवारणी करणाऱ्या मजुरांना विषबाधा व्हायला लागली आणि गावोगाव सर्वे निघाला, तेव्हा डॉक्टरांनी तिचं नाव घेतलं. "ती शेतकऱ्याची पोरगी आहे, लोकं तिच्यासंग बोलतील," ते म्हणाले. मी, कशफ, मेकॅनिकची पोरगी. वॉर्डातच राहिले आणि आतल्या आत जळत राहिले. एका सकाळी एका मजुराला त्याच्या बायकोनं ऑटोतून आणलं. तिनं समीक्षाची चिठ्ठी माझ्या हातात दिली: डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, फवारणीचं विष चढलंय, लगेच भरती करा. मी डॉक्टरांना हाक मारून बाहुल्यांचं सांगितलं आणि चिठ्ठी ॲप्रनच्या खिशात कोंबली. इंजेक्शनं सुरू झाली, माणूस सावरला. "बाहुल्या कोणी पाहिल्या?" डॉक्टरांनी विचारलं. "मी," मी म्हणाले. पुढच्या सर्वेत तुलाच घेतो, म्हणाले. संध्याकाळी समीक्षा धुळीनं माखलेली परतली. मजुराला बोलताना पाहून तिनं माझा हात धरला आणि डॉक्टरांना म्हणाली, "सर, याच्या बाहुल्या पाहूनच मी याले इकडं धाडलं. पण त्या पाहाले मले कशफनं शिकवलं." डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. समीक्षानं हात सोडला नव्हता, आणि मला तो सोडवून घेता येईना.