भिंतीवर लावायची सुरी

सकाळी अकरा वाजता पाहुण्यांची गाडी कारखान्याच्या दारात थांबली, तेव्हा मिस्त्री खिडक्या लावून घेत होता. तापलेल्या पोलादाचा रंग अंधारातच नीट दिसतो. आज मात्र अंधार त्याला आणखी एका कामासाठी हवा होता.

गाव सुऱ्या बनवणाऱ्यांचं. पाहुणेही समुद्रापलीकडच्या तसल्याच एका गावचे. दोन गावांचा करार व्हायचा होता. त्यांचा माल इथल्या बाजारात, इथला तिकडे, आणि दोन्हीकडचं कसब एकमेकांना खुलं. करार जुळवला होता मिस्त्रीच्या मुलीनं. सहकारी संस्थेची ती सचिव. तिची धावपळ सुरू झाली तेव्हापासून बापलेकीचं बोलणं कामापुरतं उरलं होतं.

“घरफोड्याला तिजोरी दाखवायची, वर चहा पाजायचा,” तो कालच म्हणाला होता.

“अर्ध्या भट्ट्या विझल्यात, बाबा. तिजोरीत आहे काय?”

पाहुण्यांत एक म्हातारा कारागीर होता. मिस्त्रीनं त्याला बसायला सांगितलं नाही. त्यानंही जागेसाठी इकडेतिकडे पाहिलं नाही. दुभाषी बाई दोघांच्या वाटचं हसत राहिली.

मिस्त्रीनं पातं लाल केलं, तेलात बुडवलं. पोलाद कडक झालं. यानंतर ते मंद आचेवर पुन्हा शेकायचं असतं, आणि ती शेकणीच खरी विद्या. ती मिळाली नाही तर पातं चकाकतं, धारही घेतं, पण काचेसारखं ठिसूळ राहतं. मिस्त्रीनं ते अंधारात आचेजवळ धरलं, आचेवर नाही.

म्हातारा बारकाईनं बघत होता.

तयार सुरी ऐरणीवर टाकायची, तिचा आवाज ऐकायचा, मगच ती बाहेर जाऊ द्यायची, ही कारखान्याची रीत. ही सुरी मिस्त्रीनं मूठ बसवून थेट फडक्यात गुंडाळली.

“टाकली नाहीत?” मुलीनं हळूच विचारलं.

“पाहुण्यांसमोर आदळआपट कशाला.”

म्हाताऱ्यानंही पिशवीतून एक सुरी काढली, घरून करून आणलेली. दुभाषी बाई म्हणाली, “ते म्हणतात, ही वापरायची नाही. मानाची आहे, भिंतीवर लावा.”

मिस्त्री चपापला. आपल्या सुरीसाठी अगदी हेच वाक्य तो मनात जुळवत होता.

“आमचीही तशीच,” म्हणत त्यानं फडक्यातली सुरी म्हाताऱ्याच्या हातात दिली आणि त्याची भिंतीवरच्या खुंटीला लावली.

मंडळी जेवायला निघाली. म्हातारा मागे रेंगाळला. त्यानं ऐरणीवरचा लोखंडाचा कीस हातानं झाडला, मग ती बाहीनं पुसली. हातोडा उचलून दांडा डावीकडे येईल असा ठेवला. मिस्त्रीचे वडील काम संपल्यावर नेमकं हेच करायचे. मिस्त्रीकडे न बघताच म्हातारा बाहेर पडला.

मिस्त्री ताटात नुसता भात कालवत राहिला. मानाची असली तरी सुरीच ती. कुणीतरी, कधीतरी, भिंतीवरून काढून वापरणारच. ती मोडली की करार मोडणार, आणि तोंड काळं होणार ते पोरीचं.

सह्यांची वेळ होत आली तसा तो एकटाच कारखान्यात आला. फळीवरून आपली सगळ्यात चांगली सुरी काढली, ऐरणीवर टाकली. ती घंटेसारखी वाजली. हीच म्हाताऱ्याच्या हातात द्यायची आणि सकाळची परत मागायची. कारण विचारलं तर काय सांगायचं, तेही त्यानं ठरवलं होतं. खरं तेच.

शेजारच्या कचेरीतून मुलीची हाक आली. “बाबा, या. तुमच्या सहीसाठी थांबलेत सगळे.”

“आलो,” तो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज मऊ होता.

निघताना भिंतीवर पाहुण्यांची सुरी दिसली. हिचा आवाज ऐकायचा राहिलाच होता. त्यानं ती खुंटीवरून काढली आणि सवयीनं ऐरणीवर टाकली.

तिचे दोन तुकडे झाले.