खटक्याचा कॅमेरा

घास भरवायला नवरीच्या तोंडाशी धरलेल्या जिलबीचा पाक नवरदेवाच्या कोपरापर्यंत ओघळला, तरी त्याचा हात हलेना.

"अहो, काढा की फोटो!" नवरीची मावशी खेकसली.

"कधीच काढला," मी म्हणालो.

"मग खटका कुठे वाजला?"

बायकोची स्कूटी विकून घेतलेला माझा नवा मिररलेस कॅमेरा आवाज करत नाही, हीच त्याची खासियत. पण खटका ऐकल्याशिवाय पंगतीतलं कुणी हसू आवरेना, की घास गिळेना. शेवटी बायको तणतणत चालत घरी गेली आणि माळ्यावरचा जुना, खटका वाजणारा डीएसएलआर कॅमेरा घेऊन आली. त्यात फोटो साठवायचं कार्डसुद्धा नव्हतं. ती माझ्या शेजारी उभी राहून नुसतं बटण दाबायची आणि खटका वाजला की अख्खा मांडव मोकळा व्हायचा.

पुढे नवरीचे वडील अल्बम बघायला आले. नव्या कॅमेऱ्याने प्रत्येकाचे डोळे इतके स्वच्छ टिपले होते, की पापण्यांचे केस मोजून घ्यावेत. फक्त ते सगळे डोळे माझ्या बायकोकडे वळलेले होते.

"हे तुम्ही बाजूने काढलेले झाले," अल्बम मिटत ते म्हणाले. "आता वहिनींनी समोरून काढलेले दाखवा."