न छापलेली माणसं

"यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. तुझ्या आईचा तर नाहीच नाही," वडील म्हणाले आणि त्यांनी खुर्ची मुलीच्या जवळ ओढली.

उन्हं कलली होती. मुलगी जमिनीवर बसून चपलांना पॉलिश करत होती. उद्या तिचा वर्तमानपत्रातला पहिला दिवस. आतल्या खोलीत आईची इस्त्री बराच वेळ एकाच बाहीवर फिरत होती, कारण तिचं सगळं लक्ष बाहेर होतं. जन्मभर बातमीदारी केलेल्या नवऱ्याला तिने सकाळीच बजावलं होतं, आज पोरीचं मन वळवा, नाहीतर तीही तुमच्यासारखी होऊन बसेल.

"आमच्याकडे संध्याकाळी अंकाचं पान लावून तयार झालं की हमखास एखादी जाहिरात टपकायची," वडील सांगू लागले. "मग सगळ्यांत लहान बातमी उडवायची. ती बहुतेक माझीच. आणि मी तर त्या माणसाला सांगून आलेलो असायचो, उद्या येईल, नक्की बघा."

"मग?"

"मग काय. एकदा काम आटपून खाली उतरलो, तर जिन्यात एक बाई बसलेली. तिच्या गल्लीत नळाला तांबडं पाणी यायचं, त्याची बातमी उडाली होती. मांडीवर त्याच पाण्याची बाटली. मी निघालो, तीही निघाली. स्कूटरवर मागे बसली, पण वजन म्हणशील तर काही नाही. घरी येऊन खिडकीत बसली ती बसलीच. बाटलीतून ऊन आत यायचं आणि भिंत सगळी मऊ, विटकरी होऊन जायची. मग यंत्रात बोटं गेलेला एक कामगार आला. मग एक अख्खी शाळा आली, छप्पर उडालेली. मुलं आपल्या पलंगाखाली झोपायची."

"पलंगाखाली माझ्या ट्रंका होत्या," आतून आई म्हणाली.

"ट्रंकांच्या मधे गं. गुणी मुलं. आवाज नाही, खाणंपिणं नाही, नुसती बघत राहायची. आणि ही पोरगी जन्मली तेव्हा तर दवाखान्याच्या व्हरांड्यात एवढी गर्दी, की मला उभं राहायला जागा नव्हती."

"यांना कुठून दिसली गर्दी? हे पुराच्या बातमीला गेले होते. लेकीचं तोंड पाहिलं ते आठवड्याने."

समोरच्या काचांवरून परतलेला उजेड छतावर पाण्यासारखा हलत होता. वडिलांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"तेच सांगतोय," ते हळूच म्हणाले. "पगार तुटपुंजा, यायची वेळ नाही, जायची वेळ नाही, ते सगळं अंगवळणी पडतं. छापलेल्या बातमीची रद्दी होते, तुझी आई ती देऊन मोकळी होते. न छापलेलीचं काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नाही. मी या धंद्यात पडायला नको होतं. तू पडू नकोस, पोरी."

मुलीचा ब्रश थांबला.

"मग ती सगळी आता कुठे आहेत?"

आतली इस्त्रीही थांबली.

"गेली," वडील म्हणाले. "निवृत्त झालो त्या दिवशी मी स्वतः कोपऱ्यापर्यंत पोचवून आलो. म्हटलं, बाबांनो, आता माझ्या हातात काही नाही. समजूतदार माणसं, एकेक करून गेली. तेव्हापासून घर कसं मोकळं झालंय. मी तर पडल्या पडल्या झोपतो."

मुलीने चपला पायात घालून पाहिल्या. चार पावलं चालून ती खिडकीशी उभी राहिली.

"खोटं आहे, बाबा. सगळी गेलेली नाहीत," ती म्हणाली. "काल मी बाल्कनीत गेले, तर कठड्याशी एक म्हातारा बसला होता. मला बघून तो जरा सरकला, आणि बसायला जागा करून दिली."