अंगठ्याएवढं पाखरू

"हे कुणी केलंय?" केसरबाईंनी विचारलं, आणि सरूबाईंच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या कस्तुरानं."

तसं त्यात नवल काही नव्हतं. मुलगी बघायला माणसं येतात त्या घरात भिंतीवर जे काही असतं, ते मुलीनेच केलेलं असतं. लोकरीचे पोपट, मण्यांचा हंस, काचेवर चिकटवलेला ताजमहाल. पाहुणे विचारतात, आत्या सांगते, पाहुणे मान हलवतात. खोलात कोणी शिरत नाही. सरूबाई कस्तुराच्या आत्या. एवढ्या एका उत्तरावर त्यांनी भावकीतल्या बऱ्याच मुली उजवल्या होत्या.

या भिंतीवर मात्र लोकरीचा पोपट नव्हता. देहूरोडच्या छावणीतला एक जुना बंगला रिकामा झाला, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या मडमेने जाता जाता आपल्या माळ्याला दिलेलं तैलचित्र होतं. माळी म्हणजे धोंडीबा, कस्तुराचे वडील. चित्रात परक्या मुलखातलं ओलं जंगल, मागे धुकं, पुढे एक गुलाबी फूल, आणि फुलासमोर हवेत थांबलेलं अंगठ्याएवढं पाखरू.

केसरबाई पिंपरीहून आल्या होत्या, मुलासाठी, भीमराजसाठी, त्याला सोबत घेऊन. त्यांच्या मालकांना, साहेबरावांना, कंपनीतून सुट्टी मिळाली नव्हती. मिळाली असती तरी बोलल्या केसरबाईच असत्या. आधीच्या मुलींत एकीची उंची वजा पडली, एकीचा आवाज, एकीची आई. या घराचेही जमा-वजाचे दोन रकाने त्यांनी बसमध्येच आखून ठेवले होते. भिंतीला चुना कधी लावलाय, हंडा घासलाय का, बाप नजरेला नजर देतो का. आता त्यातलं काही आठवेना. जय भीम करायचा राहिला, खुर्ची राहिली. त्या चित्रासमोर उभ्याच.

"भुंगा हाय का पाखरू?"

"पाखरू," धोंडीबा म्हणाले. "चोच बघा की."

पाखराच्या गळ्याचा हिरवा रंग अजून ओला वाटत होता, बोट लावलं तर बोटाला येईल असा. पंख होते आणि नव्हतेही. पलीकडचं धुकं त्यांतून दिसत होतं. केसरबाईंनी बोट उचललं, पदराला पुसलं, आणि चित्राला न लावताच खाली घेतलं.

"माणसाच्या हातानं हे होतं?" त्या हळूच म्हणाल्या. "अशा हाताची पोर घरात आली तर..."

सरूबाईंनी भावाकडे बघितलं. स्थळ जमल्यातच जमा होतं. धोंडीबांनी फरशीकडे बघितलं.

भीमराज फिटर. कुठलीही वस्तू दिसली की तिच्यावर कुठे काय कोरलंय, ते आधी शोधायचं, ही सवय. तो चित्राच्या खालच्या कोपऱ्याशी वाकला, ताठ झाला आणि खुर्चीवर जाऊन बसला.

कस्तुरा चहा-पोहे घेऊन आली.

"पोरी, हे तू काढलंस?"

सरूबाईंनी मागून एवढी मान हलवली की कानातली कुडी हलली. एक 'हो' म्हटलं की झालं. पंधरवड्यात सुपारी फुटली असती. कस्तुराने चित्राकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "एवढं मला येत असतं तर मी इथं चहा घेऊन उभी राहिले असते का?"

सरूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"अठराशे एकाहत्तर," भीमराज म्हणाला. "कोपऱ्यात साल घातलंय, आई."

"आन् तू गप बसलास?"

"म्हटलं, बघू काय सांगतात."

कस्तुराने त्याच्याकडे पहिल्यांदा बघितलं, फारसं प्रेमाने नव्हे. "वाचून झालं असेल तर चहा घ्या."

"आत्याबाई," केसरबाई वळल्या, "पोहे तरी हिनंच केलेत न्हवं?"

"पोहे मी केलेत," सरूबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"मंग हिला येतं तरी काय?"

कस्तुराने ट्रे खाली ठेवला.

"तुम्ही उभ्यानं बघताय," ती म्हणाली. "उभ्यानं दाराचा उजेड वार्निशवर येतो. निम्मं चित्र दिसतच नाही. इथं खाली बसा. मी धान्य निवडायला बसते तिथं."

सोयरीक ठरायच्या आधी मुलीच्या घरात केसरबाई जमिनीला टेकत नसत. त्यांनी मुलीकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, आणि गुडघ्यावर हात देत खाली बसल्या.

चकाकी सरली. फुलाच्या खालच्या अंधारातून एकेक पान सुटं झालं. पानांमागे एक बारीक फांदी, फांदीवर अर्ध्या लिंबाएवढं घरटं, आणि घरट्यात दुसरं पाखरू बसलेलं. मातकट, सहजी नजरेत न भरणारं. चोच वर करून ते हवेतल्या पाखराकडे बघत होतं.

केसरबाईंचा पदर डोक्यावरून घसरला. त्यांनी तो सावरला नाही. कपातल्या चहावर साय धरली.

"शंभरावर वर्षं ते हवेतच हाय," त्या म्हणाल्या. "आन् ही बसलीय." मग जवळजवळ कुजबुजत, "हिला तर मी बघितलंच न्हवतं."

चित्रावरची नजर न काढता त्यांनी हात लांबवला, कस्तुराचं मनगट धरलं आणि तिला शेजारी बसवलं.

"जरा सरक," त्या म्हणाल्या. "भीमराजला जागा दे. त्याला तिथनं काय दिसत न्हाई."