प्लंबरचा सूर

“थांबा!” बाईंनी पट्टी टेबलावर आपटली आणि पुढचे शब्द गिळले. तिसरी ओळ आली की हाच प्रकार. चर्चमध्ये गाणारा सगळा क्वायर एका सुरावर, आणि प्लंबर त्याच्या वरच्या वर, खुंटीला अडकवलेल्या कोटासारखा लोंबकळत.

“पुन्हा घेऊ या हं,” बाई गोड आवाजात म्हणाल्या. त्या गोडव्याने त्यांचंच डोकं दुखायला लागलं होतं.

दोष फादरांचा होता. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला त्या दिवशी सगळ्यांच्या कपाळाला राख लावून झाल्यावर ते म्हणाले होते, “या वर्षी नुसतं गोडधोड सोडू नका. एखादी वाईट खोड सोडा. आणि कुणाशी तरी मायेने वागा, पण त्याला पत्ता लागू न देता.” झालं! बाई भर सभेत उठून म्हणाल्या, ईस्टरपर्यंत मी क्वायरमध्ये कुणावर ओरडणार नाही. टाळ्या पडल्या. आपण काय करून बसलोय ते त्यांना पहिल्याच सरावाला कळलं. अहो, ओरडून ओरडून तर त्यांनी या मंडळींना सुरात आणलं होतं!

त्यात उपवासकाळभर ऑर्गनला कुलूप. ही चर्चची जुनी रीत. गुड फ्रायडेचं गाणं बिनसाथीचं, निव्वळ गळ्यावर. पहिला सूर बाई द्यायच्या आणि बाकीच्यांनी त्यांना धरून जायचं.

प्लंबर क्वायरमध्ये नवा होता. गायची ती त्याची बायको, पहिल्या रांगेत, खिडकीशी. ती मागच्या वर्षी गेली. उपवासकाळाच्या तोंडावर तो हत्यारांची पिशवी खांद्याला लावून बाईंच्या दारात उभा राहिला. “गुड फ्रायडेला तिच्या जागेवर उभा राहून गाईन म्हणतो. एवढं एकदा गाऊ द्या. तिने घरी सगळं शिकवलंय मला.”

आता अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? बाई हो म्हणाल्या, आणि आता भोगत होत्या.

धाकटी बहीण त्यांच्याजवळच राहायची. तीही क्वायरमध्ये होती. घरी आल्या आल्या बाईंनी तिला गाठलं. “तुला ऐकू येतं ना, कसा गातो तो?”

धाकटी कपबशा विसळत होती. “येतं.”

“मग?”

“दुःखात आहे गं बिचारा. राहू दे.”

“दुःखात माणूस रडतो. सूर सोडून आढ्याला जाऊन बसत नाही! आणि तू जरा तोंड उघडून बोल. हल्ली जो तो आपला पुटपुटतो.”

धाकटीने कपबशा पुसायला घेतल्या. सगळीकडे हाच वैताग. दारावरची बेल बिघडलेली. वायरमन दोनदा येऊन बटण दाबून गेला, म्हणाला ठणठणीत आहे. ठणठणीत म्हणे! बाईंनी त्याला असं काही झापलं की तो शिडी विसरून गेला. वायरमनवर न ओरडण्याचं त्यांनी कुठे कबूल केलं होतं?

बाकीच्या क्वायरने मात्र या वर्षी कमाल केली होती. एरवी हमरीतुमरीवर येणारा बेकरीवाला, वाटेल तिथे श्वास घेणारी पोस्टातली, सगळे कसे बाईंच्या तोंडाकडे टक लावून, त्या नेतील तिकडे मुकाट्याने जायचे. इतका शहाणा क्वायर बाईंनी जन्मात पाहिला नव्हता. फादरांच्या उपदेशाचा गुण, दुसरं काय? एका प्लंबरनेच सगळ्या दुधात मिठाचा खडा टाकला होता.

एकदा सराव संपल्यावर बाईंनी त्याला थांबवून घेतलं. “जरा खाली या हो. सगळे आहेत तिथे या.”

“करतोय प्रयत्न,” तो मान खाली घालून म्हणाला. “या सगळ्यांनीही सांगून पाहिलं मला. पण तोंड उघडलं की तिचाच सूर लागतो.”

“तिचा सूर पक्का होता,” बाई म्हणाल्या. “उगाच तिला मध्ये आणू नका.”

त्याने मान डोलावली आणि पिशवी उचलली.

बुधवारी शेवटचा सराव होता. बाईंनी सूर दिला. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, आणि तिसऱ्या ओळीला स्वारी पुन्हा वर! शुक्रवारी चर्च भरणार, लोक हसणार, आणि तेही अशा दिवशी. बाईंचा संयम संपला. तरी त्या ओरडल्या नाहीत. दिलेला शब्द त्यांनी पाळला.

“शुक्रवारी तुम्ही बाकावर बसून ऐका,” त्या हळूच म्हणाल्या. “गायला नको.”

प्लंबरचा चेहरा पांढरा पडला. त्याने खिडकीशेजारच्या त्या जागेकडे एकदा पाहिलं. “बरं,” तो म्हणाला. “तुम्ही म्हणाल तसं.” दार त्याने आवाज न करता ओढून घेतलं.

बाईंना वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण सुटल्यासारखंही वाटलं. वळून पाहतात तर पोस्टातली डोळे पुसतेय आणि बेकरीवाला भिंतीकडे तोंड करून उभा.

“आता तुम्हाला काय झालं? मला काय हौस आलीय? चला, तिसऱ्या ओळीपासून.”

त्यांनी सूर दिला. कुणीच तोंड उघडलं नाही. त्यांनी पुन्हा दिला. मग धाकटी रांगेतून पुढे आली, अगदी जवळ आली, आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “ताई, त्यांना परत बोलव.”

“का म्हणून?”

“सुरात ते एकटेच होते. तुझाच सूर उतरतो, आणि आम्ही सगळे तुझ्यासाठी तुझ्यामागून बेसूर गातोय.”