वाटाण्याएवढी गाठ

कुंदाचे वडील आणि काका ऐन चाळिशीत आतड्याच्या कॅन्सरनं गेले. तिच्या रक्ततपासणीत कळलं, जीनमध्ये पिढीजात दोष आहे. दुर्बिणीनं तपासल्यावर तिचं आतडं निरोगी निघालं, पण धाकटा भाऊ हेमराज दवाखान्याचं नाव काढू देईना. “मले काहीच होऊन नाही राहिलं, कावून जाऊ?” कुंदानं हुडको कॉलनीत त्याच्या दारातच ठाण मांडलं. “बाबालेही काही होत नव्हतं रे!” शेवटी तो आला. तपासणीनंतर डॉक्टरांनी पडद्यावर वाटाण्याएवढी गाठ दाखवली. “कॅन्सर व्हायच्या आधीच काढली. आता दरवर्षी तपासू.” कुंदा टक लावून बघत राहिली. बापाला अशाच गाठीनं नेलं होतं. या गाठीला मात्र कुंदानं आधीच गाठलं होतं. बाहेर येताच हेमराजनं चुलतभावाला फोन लावला. “दादा, उद्या तुले तपासणीले नेतो. नाही म्हणशील तर उचलून नेईन. प्लांटात क्रेन चालवतो मी!”