पाच दिवस

कपड्यांचा ड्रायर टिंग वाजला. आत आईचा स्वेटर होता, गेल्या उन्हाळ्यात ती इथे आयर्लंडला, नावनला आली तेव्हा आमच्याकडे राहून गेलेला. आज सकाळी नागपूरच्या हॉस्पिटलमधून ती फोनवर पुटपुटली, “येताना तेवढा आण गं, इथल्या एसीत हुडहुडी भरते.” पाठोपाठ डॉक्टर म्हणाले, “फार तर आठवडा.” मी ऑफिसला फोन लावला. एचआरमधली ऑर्ला खरंच हळहळली. “तुझी वार्षिक रजा आणि आईच्या शुश्रूषेचे पाच दिवस, सगळं तिच्या ऑपरेशनलाच संपलं. पण उद्या काही वाईट झालंच, तर त्या दिवसापासून दुखवट्याचे पाच दिवस आहेतच.” राजीनामा द्यावा, तर नवरा, लेक आणि मी, तिघांचा व्हिसा माझ्या या नोकरीलाच बांधलेला. स्पीकरवरचं ऐकून सहा वर्षांच्या ओवीला एवढंच कळलं, मम्मीला पाच दिवस मिळणार. तिने गरम स्वेटर बॅगेत आपल्या फ्रॉकवर ठेवला. “मम्मी, तुझी सुट्टी कधी स्टार्ट होणार?”